मंगळवारची बाटली: अमेरिकेतल्या वस्तीतल्या चांगल्या रेस्टॉरंटची वाइन लिस्ट कशी तपासावी

निफाडचा माझा मामेभाऊ दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कॅलिफोर्नियात ओकलंडला आला होता. घरची द्राक्षबाग, सगळा माल खायच्या द्राक्षांचा, बराचसा निर्यातीचा. एका संध्याकाळी त्याला आमच्या नेहमीच्या रेस्टॉरंटात नेलं. वेटरनं वाइन लिस्ट त्याच्याच हातात दिली, कारण टेबलाशी वयानं मोठा तोच होता. दादानं दोन्ही पानं नीट पाहिली आणि विचारलं, "माल कुणाचा, ते कुठं लिहिलंय?" मग, "हा भाव कशाचा, ग्लासचा का बाटलीचा?" आणि मग, "आपण जे मागवणार, त्याच्याबरोबर यातलं काय जाईल?"

तेव्हापासून मी कुठलीही वाइन लिस्ट याच तीन प्रश्नांनी तपासतो. अमेरिकेतले माझे बरेच मराठी मित्र लिस्ट हातात आली की अवघडतात. आंब्याची पेटी उघडल्याबरोबर वासावरून हापूस खरा की नाही ते सांगणारी ही माणसं. पण साठ अनोळखी नावं समोर आली की खालून दुसऱ्या भावाची बाटली सांगतात आणि लिस्ट परत देऊन टाकतात. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी रेस्टॉरंट ओळखा

मी बोलतोय ते पन्नास-साठ खुर्च्यांच्या, वस्तीतल्या, जरा चढ्या भावाच्या अमेरिकन रेस्टॉरंटबद्दल. मेन्यू एका पानाचा आणि हंगामाप्रमाणे बदलणारा. त्यात भाजलेली कोंबडी, बर्गर, पोर्क चॉप, एखादा मासा, सुरुवातीला कालवं आणि बाजारात आलेल्या भाज्या. सॅन फ्रान्सिस्कोचं झुनी कॅफे १९७९ साली सुरू झालं, न्यूयॉर्कचं युनियन स्क्वेअर कॅफे डॅनी मायर यांनी १९८५ मध्ये काढलं. दोन्ही पुढं देशभर गाजली, पण घडण तीच: शेजारपाजारच्यांनी पुन्हा पुन्हा यावं अशी जागा. आज अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत या धर्तीची लहान रेस्टॉरंटं आहेत.

'पुन्हा पुन्हा यावं' ही गोष्ट वाइन लिस्टला लागू पडते. स्टेकहाउसमध्ये माणूस लग्नाच्या वाढदिवसाला जातो, तिथं दोनशे डॉलरच्या बाटल्यांची रांग असली तर चालतं. वस्तीतल्या रेस्टॉरंटात माणूस मंगळवारी ऑफिसमधून थकून येतो, घरी कुकर लावायचा कंटाळा असतो. त्याला त्या दिवशी हात न आखडता मागवता येईल अशी चांगली बाटली लिस्टवर आहे का? मी तिला मंगळवारची बाटली म्हणतो. माझ्या मते लिस्टची पारख तिच्यावरच होते, शेवटच्या पानावरच्या महागड्या फ्रेंच बरगंडीवर नाही.

म्हणून लिस्टच्या जाडीला भुलू नका. अशा जागेला पन्नास ते ऐंशी बाटल्या आणि ग्लासनं मिळणाऱ्या आठ-दहा वाइन पुरेशा आहेत. जास्त बाटल्या म्हणजे जास्त अडकलेला पैसा, आणि तो शेवटी आपल्याच बिलातून वसूल होतो. दारावर पुरस्काराची पाटी असेल तर तिचाही अर्थ माहीत हवा. 'वाइन स्पेक्टेटर' मासिक १९८१ पासून रेस्टॉरंटांच्या वाइन लिस्टना पुरस्कार देतं. पहिल्या पायरीच्या पुरस्काराला साधारण नव्वद तरी वाइन लागतात, आणि रेस्टॉरंटनं स्वतः अर्ज आणि शुल्क भरायचं असतं. २००८ मध्ये रॉबिन गोल्डस्टीन या लेखकानं मिलानमध्ये अस्तित्वातच नसलेल्या रेस्टॉरंटच्या नावानं अर्ज केला आणि त्याला पुरस्कार मिळाला. त्यामुळे पाटी पाहून कष्टाचं कौतुक जरूर करावं, पण लिस्ट आपणच वाचावी.

घरूनच पहिलं वाचन करा

टेबलाशी बसल्यावर पोटात भूक असते, समोर माणसं असतात, वेटर उभा असतो. तपासायला ती वेळ बरी नाही. बहुतेक रेस्टॉरंटं लिस्ट वेबसाइटवर ठेवतात. आदल्या दिवशी दहा मिनिटं काढून ती उघडा आणि पहिल्यांदा दादाचा पहिला प्रश्न विचारा: माल कुणाचा?

एका चांगल्या ओळीत पाच गोष्टी असतात. उत्पादक, वाइनचं नाव किंवा द्राक्षाचं वाण, प्रदेश, साल आणि भाव. बोजोले या फ्रेंच प्रदेशातल्या वाइनसाठी 'मॉर्गों, मार्सेल लापिएर, बोजोले' असं लिहून पुढं साल असेल तर सगळं कळतं. गाव कुठलं, बाग सांभाळणारं घर कुठलं, कुठल्या हंगामाची द्राक्षं. याउलट लाल वाइनच्या एका ओळीत 'पिनो न्वार, कॅलिफोर्निया, १४ डॉलर' एवढंच लिहिलं असेल तर ते भाजीवाल्यानं 'भाजी, महाराष्ट्र' लिहिण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या थंड किनाऱ्यावरचा पिनो न्वार आणि मधल्या तापलेल्या खोऱ्यातला पिनो न्वार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. उत्पादकाचं नाव गाळणाऱ्या ओळी दोनचारांहून जास्त दिसल्या तर मी सावध होतो.

साल नसणं दोन प्रकारचं असतं. शॅम्पेन आणि इतर फसफसणाऱ्या वाइन बऱ्याचदा अनेक सालांचं मिश्रण करून बनवतात, तिथं साल नसणं रीतसर आहे. बाकीच्या वाइनवर साल नसेल तर लिस्ट सांभाळणाऱ्याला ती वेळच्या वेळी दुरुस्त करायचा कंटाळा आहे असं समजा. पांढऱ्या आणि रोझे, म्हणजे गुलाबी, वाइनची सालं खास पाहा. हलकी, ताजी प्यायची पांढरी वाइन चार-पाच वर्षं जुनी असेल तर विचारून घ्या. ती मुद्दाम ठेवलेली असू शकते किंवा नुसती पडून राहिलेली.

अमेरिकन वाइनच्या लेबलमागं कायदा आहे आणि त्यातले तीन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. लेबलवर द्राक्षाचं नाव असेल तर बाटलीत ते वाण किमान ७५ टक्के असावं लागतं. ऑरेगन राज्यानं स्वतःहून नियम कडक केला आहे, तिथं पिनो न्वारला ९० टक्के लागतात. नापा व्हॅली, रशियन रिव्हर व्हॅली असा सरकारमान्य द्राक्षप्रदेश लिहिला असेल तर ८५ टक्के द्राक्षं तिथली हवीत. आणि अशा प्रदेशाच्या नावासोबत साल असेल तर ९५ टक्के माल त्या सालचा हवा. त्यामुळे प्रदेश जितका नेमका, तितकी ती ओळ जास्त बोलकी.

एक खूण मला मराठी माणसाला फार सोपी वाटते: आपल्या सुपरमार्केटच्या मांडणीतल्या किती बाटल्या या लिस्टवर आहेत ते मोजा. मोठ्या ब्रँडच्या वाइन वाईट असतात असं नाही. पण लिस्टचा अर्धा भाग कॉस्टकोत दिसणाऱ्या बाटल्यांचा असेल तर ती लिस्ट रेस्टॉरंटनं चाखून निवडलेली नसून वितरकानं पाठवलेली असण्याचीच शक्यता जास्त. ज्या बाटल्या दुकानात सहज सापडत नाहीत त्यांचे आयातदार पाहा. परदेशी बाटलीच्या लेबलवर आयातदाराचं नाव असतंच. बर्कलीचे केर्मिट लिंच यांनी १९७२ मध्ये लहान दुकान काढलं आणि फ्रान्समधल्या लहान घरांचा माल आणायला सुरुवात केली. बांदोलचं दोमेन तांपिए, वर उल्लेख केलेले लापिएर, शिनोंचे बर्नार बोद्री ही त्यांनी आणलेली नावं. असा एखादा आयातदार ओळखीचा झाला की अनोळखी नावाच्या बाटलीवरही भरवसा ठेवता येतो. आपण नाही का, आंबा कुणाच्या आडतीवरून आला ते विचारत?

भावाचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. १९३३ मध्ये अमेरिकेत दारूबंदी उठली, तेव्हा दारूविक्रीचे नियम ठरवायचा अधिकार राज्यांकडे गेला. बहुतेक राज्यांनी तीन टप्प्यांची व्यवस्था केली: उत्पादक किंवा आयातदार, मग वितरक, मग दुकान किंवा रेस्टॉरंट. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मधला व्यापारी कायद्यानंच बसवलाय की." कॅलिफोर्नियात वायनरीला, म्हणजे वाइन बनवणाऱ्याला, रेस्टॉरंटला थेट विकता येतं, पण सगळीकडे तशी मोकळीक नाही. मधल्या प्रत्येकाचा नफा बाटलीवर चढत जातो.

ढोबळ हिशेब असा. रेस्टॉरंटला १२ डॉलरला पडलेली बाटली दुकानात १८ च्या आसपास असते आणि रेस्टॉरंटच्या लिस्टवर ३६ ते ४८. म्हणजे खरेदीच्या तिप्पट ते चौपट, दुकानाच्या दुप्पट ते पावणेतीनपट. हा भाव ऐकून अन्याय वाटतो, मलाही सुरुवातीला वाटायचा. पण त्यात ग्लास, ते धुणारा माणूस, बाटली ठेवायची थंड जागा, फुटलेला आणि बिघडलेला माल आणि भाडं हे सगळं असतं, आणि जेवणावर फारसा नफा नसलेली रेस्टॉरंटं पेयांवरच तगतात. दुकानाच्या दुप्पट भाव मला रास्त वाटतो. अडीचपट सोसण्याजोगा. तिप्पट दिसला की मी ग्लास मागवतो किंवा बिअर.

तपासायची रीत सोपी. लिस्टवरच्या तीन बाटल्या घ्या, एक स्वस्त, एक मधली, एक महाग. वाइन-सर्चर या संकेतस्थळावर त्यांचा दुकानातला भाव पाहा आणि लिस्टच्या भावाला त्यानं भागा. चांगलं रेस्टॉरंट वर जाताना पट कमी करतं. खालची बाटली अडीचपट, मधली दुप्पट, वरची दीडपटीच्या जवळ. महाग बाटलीवरही आंधळेपणानं तोच गुणाकार केलेला दिसला तर तिकडं फिरकू नये.

खालून दुसरी बाटली ही सर्वांत जास्त नफ्याची असते, कारण लाजेकाजेनं लोक तीच मागवतात, असा एक समज पसरलेला आहे. डेव्हिड डी मेझा आणि विक्रम पठानिया या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये लंडनच्या रेस्टॉरंटांच्या लिस्टा तपासल्या, तेव्हा नफ्याचं प्रमाण लिस्टच्या मध्याजवळ सर्वांत जास्त निघालं; तळाशी आणि माथ्यावर ते कमी होतं. शहर वेगळं, बाजार वेगळा, पण माझा अनुभव जुळतो. तेव्हा मित्रांनो, खालून दुसरी बाटली मागवायला लाजू नका. ती का निवडली हे मात्र ठाऊक असू द्या.

मंगळवारच्या बाटलीसाठी मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. मेन्यूवरच्या भाजलेल्या कोंबडीचा भाव पाहायचा आणि त्याची दुप्पट करायची. कोंबडी ३२ डॉलरला असेल तर हद्द ६४. शहर महाग असेल तर कोंबडीही महाग, त्यामुळे नियम कुठेही चालतो. त्या हद्दीच्या आत लिस्टवरच्या एकूण बाटल्यांपैकी किमान एक चतुर्थांश बाटल्या हव्यात, आणि त्यांत पांढरी, लाल आणि फसफसणारी या तिन्ही हव्यात. साठ बाटल्यांच्या लिस्टमध्ये हद्दीच्या आत चारच निघाल्या तर ती लिस्ट शेजाऱ्यांसाठी केलेली नाही. आणि बिलात लिस्टवरचा आकडा एवढाच येत नाही हे धरून चाला: ६० डॉलरच्या बाटलीवर ९ टक्के कर आणि २० टक्के टिप मिळून ती साडेसत्याहत्तरच्या घरात जाते.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००९ च्या अखेरीस उघडलेल्या फ्रान्सिस या लहानशा रेस्टॉरंटनं या बाबतीत फार चांगली गोष्ट केली होती. घरची लाल आणि पांढरी वाइन खुणा केलेल्या सुरईत टेबलावर यायची आणि जितके औंस प्याल तितके डॉलर लागायचे. मंगळवारी येणाऱ्या माणसाचा विचार कसा करावा याचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

ग्लासची यादी नीट पाहा

बाटली ७५० मिलिलिटरची असते. ग्लासात साधारण ५ औंस, म्हणजे १५० मिलिलिटर ओततात, म्हणून एका बाटलीचे पाच ग्लास. काही जागी ६ औंस ओततात, तेव्हा चार ग्लास होऊन थोडी उरते. व्यवसायातला जुना रिवाज असा की एका ग्लासच्या भावात रेस्टॉरंटची पूर्ण बाटलीची खरेदी निघावी. त्यामुळे ग्लास ही सोयीची गोष्ट आहे, स्वस्ताईची नाही. तिघं तीच वाइन पिणार असाल तर बाटली घ्या. ग्लास १५ ला आणि तीच बाटली ५६ ला असेल, तर चौथ्या ग्लासला बाटलीचे पैसे वसूल होतात आणि पाचवा वर उरतो.

ग्लासच्या यादीत मी आधी पुनरुक्ती शोधतो. दहांत तीन पांढऱ्या शार्दने आणि तीन लाल कॅबर्ने असतील तर दहाची यादी खरं म्हणजे सहाची आहे. एक फसफसणारी, एक आंबटसर कोरडी पांढरी, एक सुगंधी पांढरी, एक जरा भरदार पांढरी, एक रोझे, एक हलकी लाल, एक मध्यम, एक जड, असा पसारा दिसला की समजावं, कुणीतरी विचार केला आहे. शेरी (स्पेनची जास्त कडक वाइन) किंवा गोड वाइनचा लहान ग्लास असेल तर दुधात साखर.

उघडलेली बाटली दोन-तीन दिवसांत उतरते. "ही बाटली कधी उघडली?" असं विचारण्यात उद्धटपणा नाही, चांगला बारमन आनंदानं सांगतो आणि घोटभर चाखायला देतो. काही जागी महाग वाइन कोराव्हिननं ओततात. या उपकरणाची बारीक सुई बुचातून आत जाते, वाइन निघते आणि तिच्या जागी आर्गॉन वायू भरला जातो, म्हणून ती बाटली टिकते. यादीत ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटल्याही शोधा. दोघांच्या जेवणाला एक पांढरी अर्धी आणि एक लाल अर्धी, याहून चांगली सोय नाही.

मेन्यू शेजारी ठेवा

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि लिस्टा इथंच सर्वांत जास्त चुकतात. वाइन लिस्ट आणि मेन्यू एकमेकांना ओळखतात का?

दोन्ही पानं शेजारी ठेवा आणि एकेका पदार्थासाठी लिस्टमधली एक हद्दीतली बाटली शोधा. कालवं असतील तर फ्रान्सच्या लुआर नदीच्या मुखाजवळची म्युस्कादे हवी. समुद्राजवळची, खारट चटका असलेली आणि अजूनही स्वस्त. ती नसून नुसतं शॅम्पेनच असेल तर रेस्टॉरंटनं अर्धंच काम केलं आहे. भाजलेल्या कोंबडीला जवळजवळ सगळं चालतं, पण बोजोलेच्या दहा नामांकित गावांपैकी एखाद्या गावची लाल वाइन, जरा थंड करून, तिच्याबरोबर फार खुलते. सामन माशाला पिनो न्वार. पोर्क चॉपबरोबर सफरचंद किंवा जर्दाळू असेल तर रिसलिंग ही सुगंधी पांढरी. बर्गरला लाल झिनफँडेल किंवा फ्रान्समधल्या रोनच्या खोऱ्यातली साधी लाल. मोठा स्टेक एकच असेल आणि लाल वाइनमध्ये दोन तृतीयांश जड कॅबर्ने असतील, तर ती लिस्ट दुसऱ्याच कुठल्या रेस्टॉरंटसाठी केली होती म्हणायचं.

आपल्या मराठी टेबलाचा एक खास प्रश्न आहे आणि तो मी नेहमी धरून चालतो. चारांत एक तरी शाकाहारी असतो. हल्ली अशा रेस्टॉरंटांत त्यांच्यासाठी भाजलेला फ्लॉवर, मशरूमची पोलेंटा (मक्याच्या रव्याची मऊ लापशी), बीट आणि चीज, हरिसा हे मिरचीचं वाटण लावलेली गाजरं असं खरोखर चांगलं जेवण असतं. पण त्या जेवणाला तुरट, ओकच्या पिंपात मुरलेली लाल वाइन जड होते, आणि तिखट पदार्थावर तर तिचा तुरटपणा आणि दारूची जळजळ दोन्ही वाढतात. इथं हवा आंबटपणा आणि किंचित गोडवा. न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्सचं रिसलिंग अशा वेळी हुकमी. युक्रेनहून आलेले डॉ. कॉन्स्टँटिन फ्रँक यांनी तिथल्या कडाक्याच्या थंडीत युरोपी वाणं जगवून दाखवली आणि १९६२ मध्ये स्वतःची वायनरी काढली, तेव्हापासून हा प्रदेश नावारूपाला आला. मशरूमला शिनोंची लाल काबर्ने फ्रां. आणि दुसरी हुकमी वाइन म्हणजे पांढरी शनँ ब्लां.

शनँ ब्लां हे नाव वाचून दादाचा चेहरा उजळला होता. त्याच्या गावापासून तासाभरात नाशिकला सुला या वाइन कंपनीच्या बागा आहेत, तिथं ती 'शेनिन ब्लांक' म्हणून त्यानं चाखली होती. सुलाचे संस्थापक राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचे केरी डॅम्स्की यांच्या सल्ल्यानं ज्या वाणांपासून नाशकात सुरुवात केली त्यांतलं हे एक. अमेरिकन लिस्टवर ते कधी व्हूव्रे, कधी साव्हेनिएर या गावांच्या नावाखाली लपलेलं असतं, कधी दक्षिण आफ्रिकेच्या रकान्यात, कधी कॅलिफोर्नियातल्या क्लार्क्सबर्गच्या नावानं. आपल्याला नाशकामुळे ज्याची चव ठाऊक आहे ते वाण जगभर कुठं कुठं पिकतं, हे एका पानावर दिसतं. मला ती ओळ लिस्टवर दिसली की घरचं माणूस भेटल्यासारखं होतं. शनँ असलेल्या लिस्टला मी दोन गुण जास्त देतो, आणि त्यात पक्षपात आहे हे मान्य आहे.

कडक शाकाहारी पाहुणा असेल तर एक गोष्ट आधीच विचारून घ्या. वाइन निवळण्यासाठी काही उत्पादक अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. तो गाळात खाली बसतो, बाटलीत राहत नाही म्हटलं तरी ज्याला चालत नाही त्याला चालत नाही. काही बाटल्यांवर न निवळलेली किंवा व्हीगन असं लिहिलेलं असतं. वाइन सांभाळणारी व्यक्ती चांगली असेल तर तिला अशा दोनतीन बाटल्या पाठ असतात.

अमेरिका कुठे आहे?

अमेरिकन जेवणाच्या रेस्टॉरंटात अमेरिकन वाइन हवी, आणि अमेरिका म्हणजे नुसतं नापा नव्हे. १९७६ मध्ये पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर यांनी घेतलेल्या फ्रेंच विरुद्ध कॅलिफोर्नियन वाइनच्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी लेबल न पाहता स्टॅग्स लीप वाइन सेलर्सची कॅबर्ने आणि शातो माँटेलेनाची शार्दने पहिली ठरवली, दोन्ही १९७३ ची, दोन्ही वायनरी नापातल्या. तेव्हापासून नापाचे भाव चढत गेले ते आजवर. आता तिथल्या चांगल्या कॅबर्नेमध्ये मंगळवारची बाटली मिळणं अवघड.

पण देशात अडीचशेहून जास्त सरकारमान्य द्राक्षप्रदेश आहेत. ऑरेगनच्या विलामेट खोऱ्यात डेव्हिड लेट यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात पिनो न्वार लावला, तेव्हा लोकांना ती जागा फार थंड वाटत होती. आज तिथला पिनो जगात नाव घेऊन आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या वॉला वॉलाचा लाल सिरा, लोडायच्या जुन्या वेलींचं झिनफँडेल, न्यू मेक्सिकोत ग्रुएट घराण्यानं केलेली फसफसणारी, व्हर्जिनियाचा पांढरा व्हिओनिए. यांतल्या दोनतीन गोष्टी लिस्टवर असल्या तर लिस्ट करणारी व्यक्ती आपला देश फिरलेली आहे असं समजा. न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटात फिंगर लेक्सची एकही बाटली नसेल तर मला ते खटकतं. कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा न मिळावा तसं.

टेबलाशी गेल्यावर

आता वेटरशी किंवा सॉमेलिएशी, म्हणजे वाइन सांभाळणाऱ्या व्यक्तीशी, बोला. पाहुण्यांसमोर आकडा बोलायचा नसेल तर लिस्टवरच्या एका भावावर बोट ठेवा आणि म्हणा, "या अंगाची काहीतरी हवी होती, कोंबडी आणि फ्लॉवर मागवतोय." समोरच्याला आकडा कळतो. मग उत्तर ऐका. चांगली व्यक्ती उलट विचारते: हलकी आवडते की जड, आंबट चालेल का? आणि बोट ठेवलेल्या भावाच्या जवळची, कधी त्याहून स्वस्तही सुचवते. जी व्यक्ती लगेच वीस डॉलर वर नेते तिच्या हाती लिस्ट कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. एका रेस्टॉरंटात मी हद्दीतल्या तीन बाटल्या एकामागून एक मागितल्या आणि तिन्ही 'संपल्यात' असं उत्तर आलं. चौथी सुचवली ती ९० ची होती. एखादी संपणं समजू शकतो. तळ रिकामा ठेवून माथा भरलेला असेल तर ती लिस्ट कागदावरचीच.

बाटली आली की लेबलवरचं साल लिस्टशी पडताळा. दुसरं साल आणलं असेल तर ते आधी सांगायला हवं होतं. बूच हुंगायची गरज नाही. ग्लासात ओतलेला घोट फिरवून वास घ्या: ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला तर ती बुचामुळे बिघडलेली आहे आणि परत करणं तुमचा हक्क आहे. वाइन नुसती आवडली नाही म्हणून परत करायची नसते, पण वेटरनं स्वतः आग्रहानं सुचवली असेल आणि तुम्ही लगेच सांगितलं, तर चांगलं रेस्टॉरंट ती बदलून देतं.

लाल वाइन बऱ्याच ठिकाणी उबदार खोलीच्या तापमानाला आणतात. ती १४ ते १८ अंश सेल्सियसमध्ये चांगली लागते. गरम वाटली तर दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा, निःसंकोच. आणि पांढरी दात शिवशिवतील इतकी थंड असेल तर ती बादलीतून बाहेर काढून ठेवा, वास मोकळा होईल.

स्वतःची बाटली न्यायची असेल तर

कॅलिफोर्नियात बरीच रेस्टॉरंटं घरची बाटली आणू देतात आणि ती उघडून वाढण्याचं शुल्क घेतात, साधारण २० ते ५० डॉलर. हिशेब करून पाहा. दुकानातली १८ ची बाटली ३० शुल्क देऊन नेण्यात अर्थ नाही, कारण त्या भावात लिस्टवरच काही मिळतं. ७० ची जपून ठेवलेली बाटली नेण्यात आहे. आधी फोन करा, लिस्टवर असलेली वाइन नेऊ नका, वाढणाऱ्याला घोटभर चाखायला द्या.

एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांची गोष्ट वेगळी. न्यू जर्सीत मद्याचे परवाने दर ३,००० रहिवाशांमागे एक अशा मर्यादेत असतात आणि ते फार महाग विकले जातात. म्हणून तिथली कितीतरी चांगली लहान रेस्टॉरंटं परवान्याशिवाय चालतात आणि गिऱ्हाइकाला स्वतःची वाइन किंवा बिअर आणू देतात. अशा जागांना त्याचं शुल्क घ्यायला कायद्यानं मनाई आहे. तिथं लिस्ट तुम्हीच करायची. मेन्यू आधी वाचा आणि दोन बाटल्या न्या, एक शनँ किंवा रिसलिंग थंड करून आणि एक बोजोले.

उरलेली वाइन सोडून येऊ नका. कॅलिफोर्नियासह बऱ्याच राज्यांत जेवणाबरोबर घेतलेली बाटली पुन्हा बूच लावून घरी नेता येते. ती गाडीच्या डिकीत ठेवा, सीटजवळ नाही. आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा जाल तेव्हा जुन्या लिस्टचा फोटो फोनमध्ये असू द्या. ग्लासच्या यादीतल्या तीन-चार ओळी बदललेल्या दिसतील, उन्हाळ्यातली रोझे जाऊन तिथं एखादी मुरलेली लाल आली असेल, आणि मंगळवारची बाटली त्याच भावाला जागेवर असेल. आमच्या रेस्टॉरंटात ती गेली दोन वर्षं ५२ डॉलरची व्हूव्रे आहे. दादा परत येणार आहे त्या आठवड्याचा मंगळवार मी आत्ताच राखून ठेवला आहे.